पॉलिमर, फिजिक्स आणि प्राध्यापकी : ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी वाटेची माहिती

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतले एक गृहस्थ लेकीला घेऊन घरी आले. "मॅडम, हिला फिजिक्स घ्यायचंय आणि प्लास्टिकवर संशोधन करायचं म्हणते. पण प्लास्टिक म्हणजे केमिस्ट्री ना? आणि पुढे खायचं काय?" मुलगी मान खाली घालून बसली होती, पण उठून जायची तिची तयारी नव्हती. दोन तास बोलणं झालं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं.

मी विद्यापीठात फिजिक्स शिकवते आणि पॉलिमरवर काम करते. पॉलिमर म्हणजे छोट्या कड्या जोडून झालेला साखळीसारखा लांब रेणू; प्लास्टिक अशाच साखळ्यांचं असतं. माझे वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर होते. बादल्या, मग, खुर्च्यांचे पाय असा माल निघायचा. बिघडलेला माल ग्राइंडरमध्ये दळून प्लास्टिकच्या नव्या दाण्यात मिसळतात, त्याला रीग्राइंड म्हणतात. ते जास्त पडलं की बादलीचा कान तुटतो, असं वडील सांगायचे. मी विचारलं, का तुटतो? ते म्हणाले, "दाणा थकतो." शाळेत असताना ऐकलेल्या त्या दोन शब्दांनी मला या विषयात आणलं.

फिजिक्सवाला पॉलिमरमध्ये करतो काय?

केमिस्ट्रीवाला साखळी बनवतो. कडी कुठली घ्यायची, उत्प्रेरक कुठला, साखळीला फांद्या फुटू द्यायच्या की नाही, हे त्याचं काम. फिजिक्सवाला वेगळं विचारतो : कडी कुठलीही असो, साखळी इतकी लांब आहे म्हणून काय काय घडतं? पॉलिइथिलीन, रबर, डीएनए आणि तांदळाच्या पिठातलं स्टार्च यांचं रसायन वेगवेगळं, पण लांबीमुळे लागू होणारे नियम बरेचसे सारखे.

समजा, एका साखळीत १०,००० कड्या आहेत. ताणून सरळ केली तर ती १०,००० कड्यांइतकी लांब. पण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ती दर कडीला दिशा बदलत जाते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाचं सरासरी अंतर १०,००० च्या वर्गमूळाइतकं, म्हणजे १०० कड्यांच्या आसपास राहतं. हीच साखळी चांगल्या द्रावकात सोडली की ती फुगते, कारण एका जागी दोन कड्या बसू शकत नाहीत. मग हे अंतर वर्गमूळाऐवजी साधारण ३/५ घाताने वाढतं आणि २२५ ते २५० कड्यांपर्यंत जातं. हा ३/५ पॉल फ्लोरीचा. त्याला १९७४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वितळलेल्या मालात अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन याने १९७१ मध्ये म्हटलं, की गुंतलेली साखळी आडवी सरकूच शकत नाही, ती बिळातल्या सापासारखी आपल्याच वाटेने पुढेमागे सरपटते. त्याच्या हिशोबाने मालाचा दाटपणा साखळीच्या लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढायला हवा. प्रत्यक्ष मोजलं तर घात ३.४ च्या आसपास येतो, आणि हा फरक कशामुळे, यावर पुढे कितीतरी लोकांनी काम केलं. ३.४ चा अर्थ असा, की लांबी दुप्पट झाली की दाटपणा दहापट होतो. द जेनला १९९१ चं नोबेल मिळालं ते फिजिक्सचं.

आता थकलेल्या दाण्याकडे या. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे आपलं पीपी, मशीनच्या बॅरलमध्ये तापतं आणि स्क्रूखाली घुसळलं जातं. दर फेरीला काही साखळ्या तुटतात. सरासरी लांबी थोडी कमी झाली तरी त्या ३.४ मुळे माल बराच पातळ होतो. कारखान्यात हेच एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) म्हणून मोजतात : पीपी असेल तर २३० अंश सेल्सिअसला २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला. रीग्राइंडचा एमएफआय वाढलेला असतो. शिवाय आखूड साखळ्यांची गुंतागुंत कमी, म्हणून धक्का बसला की त्या एकमेकींना धरून ठेवत नाहीत. एम.एस्सी. झाल्यावर हे सगळं वडिलांना समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे थकतोच की."

हे वाचताना पुढे काय, असं मनात आलं असेल तर खालची वाट तुमच्यासाठी आहे.

पहिली पायरी : परीक्षेआधी हात

फॉर्म, क्लास, कटऑफ हे सगळं होईलच. त्याआधी एक प्रयोग घरी करा. या वाटेवर पुढे येणारी कंटाळवाणी वर्षं तुम्हाला झेपतील का, हे त्यातून कळतं.

जाडसर रबरबँड घ्या. दाराच्या खिळ्याला टांगा आणि खाली पाण्याची बाटली अडकवा. बाटलीत एवढं पाणी भरा, की रबर मूळ लांबीच्या दीड ते दोन पट ताणलं जाईल. मागे फूटपट्टी चिकटवा. आता लगेच काही करू नका. रबर आधी स्वतःहून थोडं थोडं लांबत राहतं, त्याला पंधरा-वीस मिनिटं द्या. लांबी स्थिर झाली की नोंद करा आणि हेअर ड्रायरने रबराला वरपासून खालपर्यंत ऊब द्या. लोखंडाची तार असती तर तापून लांबली असती. रबर आखडतं आणि बाटली वर येते.

जॉन गॉफने हे १८०५ मध्ये नोंदवलं होतं, जूलने पुढे नीट मोजलं. कारण रबराच्या साखळ्यांत आहे. ताणलं की त्या सरळ होतात, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या आकारांत राहायची मोकळीक कमी होते. तापवलं की ती मोकळीक परत मिळवायचा जोर वाढतो. म्हणजे रबराचं ओढणं हे मुख्यतः एन्ट्रॉपीचं, या मोकळिकीचं, ओढणं आहे. भार फार कमी ठेवलात तर उलटं दिसेल, कारण थोड्याशा ताणात साधं औष्णिक प्रसरणच वरचढ ठरतं. भार बदलून पाहा, दर वेळी लिहून ठेवा आणि आलेख काढा.

दुसरा प्रयोग लॅपटॉपवर. पायथनमध्ये दहा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा, जो दर पावलाला दिशा बदलत चालतो. १००, १,०००, १०,००० पावलांनंतर सुरुवातीच्या जागेपासून अंतर किती, ते हजार वेळा मोजून सरासरी काढा. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले की रेषेचा उतार अर्धा येतो. मग अट घाला की आधी पाऊल पडलेल्या जागी पुन्हा जायचं नाही. इथे प्रोग्रॅम अडकायला लागतो, लांब वाटा पूर्णच होत नाहीत. तो का अडकतो आणि त्यातून वाट कशी काढायची, यात महिना गेला तरी जाऊ द्या.

(स्वयंपाकघरातही पाहायला बरंच आहे. मोदकाची उकड काढताना तांदळाच्या पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, साखळ्या बाहेर पडतात आणि सुटं पीठ एकदम गोळा होऊन येतं. माझी आई झाकण ठेवून वाफ येईपर्यंत हात लावू द्यायची नाही. तापमान आणि वेळ, दोन्ही सांभाळावे लागतात, हा धडा लॅबमध्ये मला पुष्कळ उपयोगी पडला.)

बी.एस्सी.ची वर्षं

कॉलेज कुठलं, यावरून घरात फार वाद घालू नका. ठाण्यात, वाशीत, कल्याण-डोंबिवलीत फिजिक्सची चांगली कॉलेजं आहेत. प्रॅक्टिकल रोज होतात का आणि मुलं उपकरणाला स्वतः हात लावतात की लांबून बघतात, एवढं विचारा. गणित सोडू नका. संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांकडे फिजिक्सची मुलं दुर्लक्ष करतात, पण पॉलिमरमध्ये रोज त्यांच्याशीच गाठ आहे. केमिस्ट्रीचा एखादा पेपर घेता आला तर जरूर घ्या. पुढे ज्यांच्याबरोबर काम करायचंय त्यांची भाषा समजेल.

आपल्या भागातल्या मुलांना एक मोठी सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. खाडीच्या पलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. वाशीहून लोकलने एकच स्टेशन. तिथे पदवीच्या मुलांसाठी नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स नावाचा उपक्रम चालतो. शिबिरात निवड झाली की पुढे प्रत्यक्ष संशोधनाच्या प्रकल्पावर काम करता येतं. दुसरी संधी उन्हाळ्याची : देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येतं. तिचे अर्ज आदल्या वर्षीच भरायचे असतात, दिवाळीच्या सुमारास वेबसाइट बघत राहा. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतला असेल, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा अर्ज चुकवू नका.

एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर पॉलिमरचे कोर्स फुकट आहेत. लोकलमध्ये उभ्याने ऐकता येतात, पण घरी येऊन वहीत गणितं सोडवली तरच उपयोग.

एम.एस्सी. आणि परीक्षांचं जंगल

एम.एस्सी.साठी आयआयटी, आयआयएस्सी अशा ठिकाणी जायचं तर जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न. मुंबई विद्यापीठाचा फिजिक्स विभाग कालिन्याला आहे. ठाण्याहून किंवा वाशीहून, दोन्हीकडून कुर्ल्याला उतरून बस किंवा रिक्षा. माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुनी यूडीसीटी, १९३३ पासून आहे. तिथे पॉलिमर अँड सरफेस इंजिनिअरिंगचा विभाग आहे आणि फिजिक्सचाही. पवईची आयआयटी तर घोडबंदरच्या मुलांना कॉलेजाइतकीच जवळ.

पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. नेटचा पेपर २०० गुणांचा. त्यात पॉलिमर हा शब्द शोधू नका. मात्र अभ्यासक्रमात रँडम वॉक, ब्राउनियन गती आणि डिफ्यूजन आहे, आणि तेच आपल्या विषयाचं जोतं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झालात की ४२,०००. जेआरएफसाठी वयाची अट सर्वसाधारण गटात ३० आहे. मुलींना आणि राखीव गटांना वयात सवलत मिळते. इंजिनिअरिंगच्या बाजूने जायचं असेल तर गेटच्या एक्सई पेपरमध्ये पॉलिमरचा वेगळा भाग घेता येतो.

पहिल्या प्रयत्नात नेट निघाली नाही म्हणून मुलं स्वतःला मोडीत काढतात, हे पाहून मला फार वाईट वाटतं. आज चांगलं काम करणारी कितीतरी मंडळी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात निघाली आहेत. मात्र नुसता क्लास लावून दोन वर्षं घरी बसू नका. त्या काळात एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागा. हाताला काम शिकाल आणि शिफारसपत्र देणारं माणूसही मिळेल.

गाइड : इथे घाई नको

माझ्या मते या सगळ्या वाटेवरचा सर्वात मोठा निर्णय हाच. लोक संस्थेचं नाव पाहतात. पण पाच वर्षं तुमची गाठ संस्थेशी कमी आणि एका माणसाशी जास्त पडणार असते. माझ्या एका मैत्रिणीने मोठं नाव पाहून प्रवेश घेतला आणि तिचे गाइड वर्षातून चारदा भेटायचे. तिचा प्रबंध झाला, पण कोणत्याही लॅबमध्ये पुन्हा पाऊल टाकायची तिची इच्छा उरली नाही. इतकी हुशार मुलगी विषयाला मुकली.

आधी विभाग कुठला, हा प्रश्न बाजूला ठेवा. पॉलिमरचं फिजिक्स करणारे लोक फिजिक्समध्ये सापडतात तसे केमिस्ट्रीत, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये, मटेरियल सायन्समध्येही सापडतात. आपले रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि पॉलिमरचे प्रवाह आणि फुगणारी जेल यांवर त्यांनी पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) काम केलं. ॲलन हीगर फिजिक्सचा माणूस, पण वीज वाहणाऱ्या पॉलिमरसाठी २००० चं नोबेल त्याला मिळालं ते रसायनशास्त्राचं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आणि जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत हाच विषय 'सॉफ्ट मॅटर' नावाखाली मिळेल, तेव्हा शोधताना तो शब्दही टाका. पुण्यात एनसीएल आणि आयसर, दोन्ही एकमेकांना लागून आहेत.

मग नावांची यादी करा आणि एकेकाचे गेल्या तीन वर्षांतले पेपर उघडा. सगळं कळणार नाही, हरकत नाही. लेखकांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघा. जुने विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत, ते शोधा. यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात, म्हणून जागा आहे का हेही विचारावं लागतं.

ईमेल दहा ओळींचा पुरे. 'आपल्या थोर प्रयोगशाळेत काम करण्याची संधी' वगैरे वाक्यं रोज येतात आणि न वाचता जातात. त्याऐवजी त्यांच्या एका पेपरमधली एक आकृती घ्या. लिहा, की या आकृतीत तापमान वाढताना वक्र इथे वळतो, मला वाटलं होतं तो सरळ जाईल, तर यामागे साखळ्यांची गुंतागुंत सुटणं हे कारण असू शकतं का? खाली दोन ओळींत तुम्ही काय शिकता आणि काय करून पाहिलंय. तो रबरबँडचा आलेख इथे जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा.

भेटायला बोलावलं तर गाइडशी बोलाच, पण त्याहून जास्त वेळ त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर कँटीनमध्ये घालवा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, शेवटचं बोलणं कधी झालं. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, पेपर किती दिवस टेबलावर पडून राहतो. कुठलं उपकरण बंद आहे आणि किती महिन्यांपासून, हेही विचारा. मुलं खरं सांगतात. उत्तर द्यायच्या आधी इकडेतिकडे बघितलं तर तेही उत्तरच समजा.

पीएच.डी.

नियमाने कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. प्रत्यक्षात आपल्या विषयात पाच धरून चाला.

पॉलिमरला सावकाश वागायची सवय आहे आणि त्याला पूर्वेतिहास असतो. काल तो कसा थंड केला, त्यावर आज तो काय दाखवेल हे ठरतं. हे मला महाग पडून कळलं. पीएच.डी.च्या पहिल्या पावसाळ्यात मी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पातळ फिल्म करून त्यांचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक होतो) डीएससी या उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर मोजत होते. कोरड्या पदार्थाला ते ८० अंशांच्या वर यायला हवं. माझं कधी ६५, कधी ५८, कधी ७१. मी प्रत्येक आकड्याला सिद्धान्त लावत बसले. तीन महिन्यांनी एका सीनियरने मला खिडकी दाखवली. बाहेर धो धो पाऊस, फिल्म टेबलावर उघडी. हा पदार्थ हवेतलं पाणी पितो, पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना सैल करतात आणि तापमान खाली येतं. नमुन्याचं छोटं पॅन सील केलेलं असल्यामुळे ते पाणी मोजतानाही आतच राहत होतं. मी मोजत होते तो त्या त्या दिवसाचा पाऊस. तीन महिन्यांचं काम टाकून दिलं.

तेव्हापासूनचे नियम माझ्या विद्यार्थ्यांनाही तोंडपाठ आहेत. नमुना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवा, सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा, वजन दोनदा सारखं येईपर्यंत पुढे जाऊ नका. वहीत तारखेशेजारी खोलीची आर्द्रता लिहा. डीएससीवर पहिल्यांदा तापवताना नमुन्याचा जुना इतिहास पुसला जातो, म्हणून ठरलेल्या वेगाने थंड करून दुसऱ्यांदा तापवतानाचं मोजमाप नोंदवा. आणि विचित्र आकडा आला की आधी नमुन्यावर संशय घ्या, सिद्धान्तावर नंतर.

प्रयोग करणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी बीएआरसीत १९८५ पासून ध्रुव ही अणुभट्टी आहे. तिच्या न्यूट्रॉनच्या झोतात साखळीचा आकार मोजता येतो. काही साखळ्यांतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला की हजारोंच्या गर्दीतही तेवढ्याच वेगळ्या दिसतात. वितळलेल्या मालात साखळी रँडम वॉकसारखीच असते, हे फ्लोरीचं म्हणणं १९७० च्या दशकात याच पद्धतीने खरं ठरलं. विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत तिथे प्रयोगाची वेळ मागता येते. छोट्या विभागात असलात तरी अर्ज करा, तो हक्क तुमचा आहे.

सिम्युलेशन करणाऱ्यांना लॅम्प्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही सुरू करता येतं. गुंतलेल्या साखळ्यांना मात्र इतका वेळ लागतो, की पुढे मोठा संगणक लागतोच.

पोस्टडॉक

पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन. दोन-तीन वर्षं, शक्यतो पीएच.डी.पेक्षा वेगळ्या तंत्रावर. परदेशात गेलात तर उत्तम, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे जमलं नाही तर देशातही चांगल्या जागा आहेत. गाइड निवडीचे वरचेच नियम लागू.

नोकरी

असिस्टंट प्रोफेसरसाठी किमान ५५ टक्क्यांनी एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नियमांनुसार पीएच.डी. असेल तर नेटमधून सूट मिळते. पण विद्यापीठाच्या विभागात पीएच.डी. आणि पेपर नसतील तर मुलाखतीत टिकाव लागणं कठीण. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये. असोसिएट प्रोफेसरचा १,३१,४०० पासून, प्रोफेसरचा १,४४,२०० पासून. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत थेट प्रोफेसरपदासाठी दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा पेपर आणि पीएच.डी.ला मार्गदर्शन केल्याचा पुरावा मागितला आहे. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आता जे सांगायला नको वाटतं तेही सांगते. कायमच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. मधल्या काळात मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. पीएच.डी. झालेली माणसं चार-चार वर्षं असं शिकवतात, हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हणायला हवा. सीएचबी घ्यायचीच असेल तर एक-दोन वर्षं घ्या, त्या काळात एक तरी पेपर पूर्ण करा आणि अर्ज महाराष्ट्राबाहेरही टाका. आयआयटी, आयसर, केंद्रीय विद्यापीठं आपापल्या जाहिराती काढतात. तिथे मुलाखतीत एकच गोष्ट खोदून विचारतात : पहिल्या पाच वर्षांत कुठला प्रश्न सोडवाल आणि त्याला काय लागेल. 'नॅनोकंपोझिटवर काम करीन' असं म्हणून चालत नाही. मी मुलाखतीत रीग्राइंडचा प्रश्न मांडला होता : साखळ्या कुठे तुटतात, मधोमध की टोकाशी, आणि ते दाटपणावरून ओळखता येईल का. समितीतल्या एकांनी वीस मिनिटं त्यावरच घेतली.

कारखान्यांची वाटही उघडी असते. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात प्लास्टिक, रबर, रंग, पॅकेजिंग यांचे उद्योग आहेत. ऱ्हिओमीटर (मालाचा दाटपणा मोजणारं यंत्र) चालवता येणारा आणि वक्राचा अर्थ सांगणारा माणूस त्यांना हवा असतो. माझे दोन विद्यार्थी तिकडे आहेत, उत्तम काम करतात, आणि अडलं की नमुने घेऊन माझ्याकडे येतात.

प्राध्यापक झाल्यावर

असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला सोळा तास शिकवणं असतं, प्रोफेसरला चौदा. त्यात पेपर तपासणं, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाची कामं धरलेली नाहीत. संशोधनासाठी पैसे एएनआरएफसारख्या संस्थांकडे प्रस्ताव पाठवून आणावे लागतात, यंत्राची खरेदी अनेकदा जेम या सरकारी पोर्टलवरून, आणि तीन कोटेशनमध्ये सहा महिने जातात. प्रस्ताव लिहिताना यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आणि एसीचं वीजबिल मोजा. यंत्र आलं आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, असे कोपरे प्रत्येक विभागात आहेत.

पहिल्या पाच वर्षांत मोठ्या यंत्रामागे लागू नका. साधा काचेचा उब्बेलोड व्हिस्कोमीटर (द्रावणाचा दाटपणा मोजायची नळी), पाण्याचा थर्मोस्टॅट आणि चांगलं स्टॉपवॉच यांवर साखळीची सरासरी लांबी काढता येते. द्रावण दोन खुणांमधून खाली यायला किती सेकंद लागले, एवढंच मोजायचं. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने दीड वर्ष हेच केलं आणि त्यावर आमचा पहिला पेपर झाला.

ऐरोलीच्या त्या मुलीने बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं. ऑगस्टमध्ये रात्री दहाला तिचा व्हॉट्सॲप आला, सोबत दाराला टांगलेल्या बाटलीचा फोटो : "मॅडम, सहा मिलिमीटर वर आली. पण थंड झाल्यावर आधीच्या जागी गेली नाही, दोन मिलिमीटर खाली थांबली. असं का?" मी लिहिलं, उद्या पुन्हा कर, या वेळी आधी अर्धा तास टांगून ठेव.